तलाठी आप्पांचा साजा

निवृत्तीनंतर माणूस काय करतो, त्यावरून तो नोकरीत कसा होता ते कळतं. निवृत्त मास्तर आलेल्या लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघा मारतो. निवृत्त कंडक्टर नातवाच्या वाढदिवसाला जमलेल्या मंडळींना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतो. आणि निवृत्त तलाठी काय करतो हे पाहायचं असेल, तर जालन्यात मंठा चौफुलीच्या पुढं आमच्या कॉलनीत यावं. आमचे तलाठी आप्पा कुत्र्याची पिल्लं सांभाळतात.

सांभाळतात म्हणजे पाळतात, असं समजू नये. समजलात तर आप्पा तिथल्या तिथं दुरुस्ती करतील. "पाळलेली नाहीत. ताब्यात आहेत. ताबा वेगळा, मालकी वेगळी." ३४ वर्षं अंबड-घनसावंगीकडचे साजे सांभाळताना ज्यानं हा फरक गावोगावच्या भावकीला घसा फोडून सांगितला, त्याला तो कुत्र्याच्या बाबतीत विसरणं कसं जमावं? त्यांच्या मते आईवेगळ्या प्रत्येक पिल्लाचा मालक या जिल्ह्यात कुठं ना कुठं आहेच. त्याला फक्त अजून नोटीस पोचलेली नाही. ती पोचेपर्यंत पिल्लाला दूध पाजायचं, जंताचं औषध द्यायचं, लस टोचून घ्यायची आणि दोन महिन्यांचं झालं की रीतसर वर्ग करायचं.

आप्पांचा पोशाख नोकरीतलाच राहिला आहे. पांढरा सदरा, कोपरे घासलेली रेक्झिनची बॅग, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पूर्वी नव्हती अशी एकच वस्तू त्या खिशात आली आहे : सुई काढलेली सिरिंज. बँकेत स्लिप भरताना कधीकधी तीच आधी बाहेर येते. सरकारनं २०२४ साली तलाठ्याचं नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं, ते मात्र त्यांना अजून पचलेलं नाही. "एवढं लांब नाव घेऊन शेतकऱ्यानं शिवी द्यायची कशी?" असं ते विचारतात.

हे सगळं सुरू कसं झालं, याचे दोन पाठ आहेत. आप्पांच्या पाठानुसार एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात भंगाराच्या ढिगाआड कुत्री व्याली, ती ट्रकखाली गेली, आणि तिथल्या वॉचमननं पिल्लं गोणीत घालून थेट आप्पांच्या दारात आणली. त्याचं म्हणणं, सरकारी माणूस त्याच्या ओळखीचा हाच एक होता. काकूंचा पाठ थोडक्यात आहे : "रिटायर झाल्यावर ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना गट नंबर दिले. पिल्लं आली ते बरं झालं."

या धंद्याला हंगाम असतो. भादव्यात रस्तोरस्ती कुत्र्यांचा जो गोंधळ चालतो, त्याचा निकाल साधारण ६३ दिवसांनी, कार्तिकाच्या सुमाराला लागतो. दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत आप्पांच्या फाटकाशी खोकी दिसू लागतात. मोसंबीचं क्रेट, फटाक्यांचा पुठ्ठा, बियाण्याची रिकामी पिशवी, आणणारे लोक निरनिराळे, वाक्य एकच : "पाप लागंल म्हणून आणलं, आप्पा." म्हणजे पाप त्यांचं, पुण्य त्यांचं आणि हगवण आप्पांच्या ओट्यावर.

खोकं आलं की आधी पंचनामा. कुठं सापडलं, आई दिसली का, सोबत किती होती, साक्षीदार कोण. मग एक जाडजूड नोंदवही निघते. रकाने आप्पांनी स्वतः आखलेले : अनुक्रमांक, रंग, वजन, दात, शेपटीचं वर्णन, आणि शेवटी 'इतर हक्क व बोजा'. बोजाच्या रकान्यात गोचीड, पिसवा, खरूज. ज्याचं पोट बिघडलं आहे त्याच्यापुढं आप्पा गंभीर चेहऱ्यानं 'पोटखराबा' लिहितात. सातबारावर या शब्दाचा अर्थ लागवडीला न येणारी जमीन असा आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण इतका नेमका शब्द वाया घालवणं त्यांच्या जिवावर येतं. जातीचा रकाना मात्र वहीत नाही.

गेल्या हंगामात एकाच खोक्यात आठ पिल्लं आली आणि आप्पांना योग दिसला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. आज त्याचे तालुके आठ, पिल्लं आठ. मोती, वाघ्या, खंड्या ही नावं ठेवायला त्यांचा पहिल्यापासून विरोध. "नाव ठेवलं की जीव अडकतो. तालुक्याचं तसं नसतं. माणूस बदलीवर येतो, बदलीवर जातो." तेव्हा जालना, बदनापूर, अंबड, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा आणि सर्वांत धाकटी घनसावंगी अशी नोंद झाली. पुढचे दोन महिने आप्पा फाटकाशी उभे राहून जनावरांच्या डॉक्टरांशी फोनवर मोठ्यानं बोलत : "भोकरदनला जंत झालेत. परतूरचं पोट साफ नाही. जाफराबादचे डोळे अजून उघडले नाहीत. मंठ्यानं कालपासून पाणी बघितलेलं नाही." रस्त्यानं जाणाऱ्या लोकांना वाटे, जिल्हा नियोजनाची बैठक चालू आहे. आणि यातल्या एकाही वाक्याचं कुणाला नवल वाटत नसे.

पिल्लं सांभाळणं म्हणजे अंगणात दुधाची वाटी ठेवणं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी रात्री दोनला आप्पांच्या मागच्या खोलीत डोकवावं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. गाईचं दूध त्याला मानवत नाही, पिल्लांची वेगळी पावडर येते, ती कोमट पाण्यात कालवायची. त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून खोक्यावर दिवा टांगायचा. आणि सगळीकडं एलईडी झाल्यापासून तापणारा पिवळा दिवा शोधायला आप्पा अख्खा बाजार पालथा घालतात. दुकानदार वीज वाचवणारा दिवा दाखवतो, आप्पा म्हणतात, "मला जाळणारा पाहिजे."

पाजण्यावरून नवरा-बायकोत पहिल्याच रात्री तंटा उभा राहिला. काकूंनी पिल्लू मांडीवर उताणं घेतलं.

"उताणं नको! पालथं धर. दूध फुफ्फुसात जातं."

"आपली दोन्ही लेकरं उताणीच पिली."

"ती माणसाची होती."

"रोज त्यांचे गुण बघून तुमची अजून खात्री आहे?"

पाजून झालं तरी काम संपत नाही. इतक्या लहान पिल्लाला लघवीसुद्धा आपली आपण होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसली की कोमट पाण्यात कापूस भिजवून तिच्या जिभेचं काम बोटांनी करावं लागतं. ज्या माणसाच्या टेबलावरून पहिल्या खेपेत काम करून परतलेला शेतकरी साजात कुणी पाहिला नाही, तो माणूस चष्मा कपाळावर ढकलून, तळहाताएवढ्या जिवाला कापूस लावत, त्याला लघवी होण्याची वाट पाहत दहा-दहा मिनिटं बसतो. झाली की "हां, झालं झालं, शाब्बास" म्हणून पुटपुटतो, आणि वहीत वेळेसह नोंद घेतो. अंथरायला रद्दी लागते, ती आमच्याकडून जाते. माझा लेख छापून आलेलं पान कोणत्या तालुक्यानं भिजवलं, हे आप्पा आठवणीनं कळवतात.

या वहीत लाल शाईच्या काही ओळी आहेत, त्यांच्याविषयी आप्पा बोलत नाहीत. आधीच्या एका खेपेला पार्वो आला. लस द्यायच्या वयाला पोचायच्या आतच पिल्लांना रक्ताची हगवण लागली, सलाइन चढवूनही फार थोडी वाचली. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो हे कळल्यावर आप्पांनी ब्लीचिंग पावडरनं ओटा, अंगण, फाटक घासून काढलं आणि तो सबंध हंगाम नवं खोकं घेतलं नाही. नळाला रोज पाणी येईल असं जालन्यात कुणी धरून चालत नाही. तरी काकूंनी त्या दिवसांत पाण्याचा हिशोब विचारला नाही. नोंदीसमोर फक्त 'नाव कमी केले' असं आहे, आणि अक्षर आप्पांचं नेहमीचं नाही.

शेजारपाजारच्यांचं म्हणणं वेगळं असतं, आणि ते खोटं नसतं. समोरच्या विमा एजंटांची पोटरी एका मोठ्या कुत्र्यानं धरली, तेव्हा ते धोतर सोडवावं तसे तावातावानं आले. आप्पांनी त्यांना बसवलं आणि इतिहासापासून सुरुवात केली. १८३२ साली इंग्रजांनी मुंबईत भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, तर पारशी लोकांनी दंगल केली. पुढं २००१ साली नियम आले : मारायचं नाही, नसबंदी करायची, लस टोचायची, परत सोडायचं. २०२३ साली त्या जागी नवे नियम आले.

"मुंबईचं राहू द्या, आप्पा. पोटरी माझी आहे."

यावर आप्पांकडं कलम नव्हतं. त्यांनी बॅग उचलली, एजंटांना स्कूटरवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात नेलं, आणि पुढच्या प्रत्येक डोसाच्या तारखेला सकाळी त्यांच्या दारात उभे राहिले. "रेबीजला औषध नाही. लसच आहे. अन् लस अर्धवट चालत नाही." एजंट आजही कुत्र्यांच्या विरोधातच आहेत. पण पिल्लांना घरं शोधण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पॉलिसी विकायला गेले की पिल्लाचाही विषय काढतात. त्यांचा हिशोब सरळ आहे, एक पिल्लू गेलं की कॉलनीतलं एक कुत्रं कमी.

खरे आप्पा पाहायचे तर गिऱ्हाईक आल्यावर. तरणी पोरं येतात, मोटारसायकल चालू ठेवूनच विचारतात, "लॅब आहे का?" "गावठी आहे." "कितीला?" "फुकट." "फुकट? मग काहीतरी खोट असंल." निघून जातात. काही जणांना नरच पाहिजे असतो. मादी का नको, याचं कारण सांगताना माणसं जी वाक्यं बोलतात, ती ऐकून काकू स्वयंपाकघरातून भांडं आपटतात. आप्पा त्या माणसाचा अर्ज तिथंच निकाली काढतात.

जो टिकतो, त्याची चौकशी सुरू होते. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाचं संमतीपत्र. चतुःसीमा : पूर्वेला कोण, पश्चिमेला रस्ता केवढा, गच्चीला कठडा आहे का, विहिरीला तोंडी आहे का. दिवसभर घरी कोण असतं? साखळी किती वेळ? चार दिवस लग्नाला गेलात तर कुत्रं कुणाकडं? बदनापूरकडचा एक जावईमाणूस वैतागून म्हणाला, "आप्पा, पोरगी देताना आमच्या सासऱ्यानंसुद्धा एवढं विचारलं नव्हतं."

"म्हणूनच मी विचारायलोय," आप्पा म्हणाले.

त्यानंतर आधारची झेरॉक्स, दोन साक्षीदार आणि हमीपत्र. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस देईन, सहा महिने झाले की नसबंदी करीन, बारा महिने बांधून ठेवणार नाही, नको झालं तर रस्त्यावर न सोडता आप्पांकडंच परत आणीन. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांविषयी जो आदेश दिला, त्यात दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये असंही म्हटलेलं आहे. त्या बातमीचं कात्रण आप्पांनी भिंतीवर डकवलं आहे. ते पाहून न्यायालयानंच आप्पांचं ऐकलं, असा पाहुण्यांचा समज होतो आणि आप्पा तो दूर करत नाहीत. सगळं जमलं की फाटकावर नोटीस लागते : 'सदर पिल्लू अमुक यांचे नावे वर्ग करण्यात येत असून, कोणाची हरकत असल्यास १५ दिवसांचे आत लेखी कळवावी.' मुदत संपली की नोंद प्रमाणित करायची. तो अधिकार काकूंचा. नोकरीभर आप्पा मंडळ अधिकाऱ्याच्या सहीशिवाय फेरफार पुरा करू शकले नाहीत; घरातही तो मान कुणाला तरी द्यायलाच हवा होता. काकू एकदा म्हणाल्या, "नामदेव महाराज आपल्या नर्सीचेच. कुत्र्यानं पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. त्यांनी रजिस्टर नव्हतं धरलं." आप्पा म्हणाले, "त्यांना कुत्र्यात पांडुरंग दिसला होता. मला घेणारा माणूस बघायचाय."

आणि पिल्लू गेल्यावर पीकपाहणी. कळवून जाणं आप्पांच्या स्वभावात नाही. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जातो म्हणून एसटीत बसतात आणि दर्शन घेऊन अचानक कुणाच्या तरी वस्तीवर उगवतात. कुत्र्याच्या बरगड्यांवर हात फिरवतात, पाण्याचं भांडं पालथं करून शेवाळ बघतात, लसीचं कार्ड मागतात. मालकाला वाटतं, जमीनच जप्त होतेय. जिल्ह्याचा नकाशा एव्हाना पुरता विस्कटला आहे : जाफराबाद परतुरात आहे, परतूर भोकरदनला, आणि मंठा रेल्वे स्टेशनाजवळच्या एका चहावाल्याकडं बिस्किटं खाऊन सुटलाय. आयुष्यभर बांधावरून भांडणारी माणसं पाहिलेल्या आप्पांना हा गोंधळ मनापासून आवडतो.

पुण्या-मुंबईत हेच काम करणाऱ्या संस्था आहेत. त्यांचेही अर्ज असतात, घर पाहायला माणूस येतो, नंतर फोन येतात. आप्पांनी त्यातलं काही पाहिलेलं नाही. ते तिथं आपल्या वाटेनं, तहसिलाच्या वाटेनं पोचले. साजातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आप्पांचं नाव काढलं की ते अजून कपाळाला हात लावतात. एका स्वल्पविरामासाठी अर्ज परत, एका साक्षीदारासाठी पुढचा बाजार. पैसे खात नव्हते, हे त्यातलं आणखी मोठं दुःख. पैसे घेऊन तरी काम लवकर झालं असतं, असं लोक म्हणत. तोच खाक्या, तोच संशय, तीच 'उद्या या' म्हणण्याची ताकद. फरक इतकाच की सातबाराला चार दिवस उशीर झाला तर शेतकऱ्याचं पीककर्ज अडतं, आणि पिल्लू घाईनं कुणाच्याही हातात दिलं तर ते महिन्याभरात हमरस्त्यावर पडतं. जो अवगुण माणसांच्या कामाचा नव्हता, त्याला उशिरा का होईना योग्य खातं मिळालं.

या खात्यातलं सर्वांत रेंगाळलेलं प्रकरण म्हणजे घनसावंगी. जांबचे समर्थ म्हणजे त्याच तालुक्यातले. 'सावधान' कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, असं सांगतात. ही घनसावंगीही तशीच. न्यायला आलेला माणूस गळ्यात पट्टा घालायला वाकला की ती सोफ्याखाली. पण तिचं राहणं एकट्या तिच्याच अंगावर घालता येणार नाही. पहिल्या इसमाच्या भिंतीची उंची आप्पांना कमी वाटली. दुसऱ्याच्या साक्षीदाराचं नाव आधारावरच्या नावाशी जुळलं नाही. तिसऱ्याचं सगळं जुळलं, तेव्हा आप्पांनी त्याच्या बोअरवेलवर झाकण नसल्याचं शोधून काढलं. नोंदवहीत ती 'घनसावंगी' होती; रात्री दोनला मागच्या खोलीत मात्र आप्पा "घने, ए घने" म्हणत, आणि दार नीट लागत नसल्यामुळं ते काकूंना ऐकू येई. "कागदात खोट नाहीये," काकू शेवटी म्हणाल्या, "कारकुनात आहे."

मग अंबडकडून एक शेतकरी आला. मोसंबीची बाग आहे, रखवालीला कुत्री पाहिजे, मादीच पाहिजे, म्हणाला.

"आप्पा, वळखलं का?"

आप्पांनी त्याच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "गट नंबर सांग."

त्यानं सांगितला. आप्पांनी लगेच त्याच्या बापाचं, आज्याचं नाव, चार बांधांवरचे शेजारी आणि विहिरीतला हिस्सा सांगून टाकला. मग बाग बघून आले. विहिरीला तोंडी होती, कुडाला सावली होती, घरात म्हातारी दिवसभर होती. आप्पा फार शोधत होते. काही सापडलं नाही. नोटीस लागली, १५ दिवस गेले, काकूंनी वही पुढं ओढून सही केली. घनसावंगी त्या दिवशी सोफ्याखाली गेली नाही, शेतकऱ्याच्या पिशवीतली भाकरी हुंगत बसली.

शेतकरी हमीपत्रावर अंगठा द्यावा की सही, या विचारात थांबला आणि म्हणाला, "एक विचारू का, आप्पा? माझ्या बापाच्या वारस नोंदीला तुम्ही तेरा महिने लावले. चपला झिजल्या माझ्या. अन् ह्या कुत्रीला पंधरा दिवसांत मोकळी करायलेत?"

आप्पांनी लाल पेनाचं टोपण लावलं, निळं त्याच्या हातात दिलं.

"तुझ्या बापामागं तीन भाऊ, दोन बहिणी. पाचही जणांनी हरकत घेतली होती. हिला सात भावंडं आहेत. एकानं तरी अर्ज दिला का? कर सही."